हवालदाराची काठी

पोलिसांची काठी तशी हलकीच असते. काल दुपारी ती माझ्या हातात आली, तेव्हा कळलं.

पुलाखाली एक तरुण निपचित पडला होता, ओठ निळे पडलेले. फेफरं आलं समजून कुणीतरी त्याच्या नाकाला चप्पल लावली होती. हवालदारानं आल्या आल्या ती भिरकावली, त्याला कुशीवर वळवलं आणि खांबाआडच्या मुलीला ओरडून विचारलं, "तुझ्याबरोबरचा ना हा? कसली नशा केलीय यानं? डॉक्टरांना सांगायला हवं!"

ती एक पाऊल पुढे यायची, दोन मागे. नजर काठीवर. हवालदाराच्या ते ध्यानात आलं. "धरा हो जरा," म्हणत त्यानं काठी माझ्याकडे दिली. "ये पोरी, कुणी काही करणार नाही तुला."

मग ती आली. रडत रडत सगळं सांगितलं. अॅम्ब्युलन्स दोघांना घेऊन गेली.

तो वाचला का, ठाऊक नाही. कालपासून जिवाला चैन नाही. समोर माणूस मरत असताना मदतीचीच भीती वाटावी, हे या मुलांना शिकवलं कुणी? पोलिसांना बोल लावून मोकळं व्हावं म्हणतो, तर आठवतं, हवालदाराकडे धावताना ती मला लांबून वळसा घालून गेली होती.