पेज ढवळणारा मामा

दहावीच्या इंग्रजीबद्दल बोलायचा अधिकार अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या एकट्यालाच आहे, अशी माझ्या मामाची खात्री आहे. आणि पात्रता काय, तर त्या विषयात तो तीनदा नापास झालाय! "पास झालेल्यांना काय कळतंय गो? ते एकदाच बसले," असं वर मलाच ऐकवतो. जयगडला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, पण दहावीचं पोर दिसलं की हातातलं काम खाली. उताऱ्याआधी प्रश्न वाच, पत्रावर तारीख घाल, येत नसलं तरी जागा कोरी ठेवू नको, आणि शेवटचं पान उलटून बघितल्याशिवाय पेपर देऊ नको! एका लग्नात तर नवरीच्या धाकट्या बहिणीला जिलबी वाढता वाढता त्याने भूतकाळाची रूपं विचारली. ती पोर रडकुंडीला आली आणि सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. आता मी काय करू? मामा माझा!

हा सगळा खटाटोप एका शब्दापायी आहे. तिसऱ्या खेपेला भाषांतराला वाक्य आलं होतं, 'शी टर्न्ड द पेज'. रोज सकाळी भाताची पेज पिऊन शाळेत जाणाऱ्या मामाने बेधडक लिहिलं, 'तिने पेज ढवळली.' दोन मार्कांनी गेला आणि शाळा सुटली ती सुटलीच. आजही तावातावाने विचारतो, "आमच्याकडे बायका पेज ढवळतात का नाय? मग चुकलं कुठे?" चुकलं कुठे म्हणे! कपाळ माझं!

माझी लेक पूर्वपरीक्षेत इंग्रजीत आपटली. तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि इंग्रजी राहिलं तर सगळंच राहिलं. ही बातमी जयगडला पोचायचा अवकाश, मामा पिशवी घेऊन महिनाभर राहायला हजर! सकाळी पेजेचा वाडगा पुढे ठेवायचा आणि पाच स्पेलिंगं झाल्याशिवाय लोणचं द्यायचं नाही. शेवटी माझा तोल गेला. "मामा, पुरे! पोरीलाही नापास करूनच जाणार आहेस का?" त्याने लोणच्याची बरणी पोरीपुढे सरकवली. मग हळूच म्हणाला, "नापास होणं कसं असतं ते मला माहीत आहे गो. म्हणून तर सांगतोय."

पेपरच्या दिवशी मी नको नको म्हणत असताना हा शाळेच्या फाटकाशी पेजेचा डबा घेऊन उभा. लेक बाहेर आल्या आल्या विचारलं, "पेज आली होती?"

"नाही हो, आजोबा."

त्याचा चेहरा पार उतरला. "मेल्यांनी परत एकदा पण नाय विचारली," एवढंच म्हणाला.

"पण आजोबा, मला वाटलं पेपर संपला. मग तुमचं आठवलं, शेवटचं पान उलटलं, तर मागे अख्खं पत्र! शेजारची तशीच उठून गेली."

"उलटलंस?"

"उलटलं ना!"

"पान उलटलं," मामा पुटपुटला आणि उगाचच डब्यातली गार पेज ढवळत बसला.

लेक काठावर पास झाली, त्या पत्राच्या मार्कांवर. मार्कशीट दाखवायला आम्ही जयगडला गेलो. मामाने हात पुसले, चष्मा लावला, इंग्रजीच्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग कागद उलटून मागची बाजू बघितली. मागे काहीच नव्हतं. तरी बराच वेळ बघत राहिला.