कोपरापुरता नाच

टेलरबाईंचा नवरा जन्मात कधी नाचला नव्हता, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. बाईंचं म्हणणं, धाकट्या दिराच्या लग्नात यानेच हॉल डोक्यावर घेतला होता आणि हात धरून आपल्यालाही नाचवलं होतं. बँकेच्या दारावर ताठ उभं राहून अख्खी नोकरी काढलेला हा माणूस कानांवर हात ठेवून म्हणाला, "मग दुसऱ्याच कुणाबरोबर नाचली असशील."

आता आली का पंचाईत? रविवारी लेकीचं लग्न, आणि लेकीचा एकच हट्ट, आईबाबांनी नाचायचं. शेवटी यजमान बोलून गेले, "दाखव पुरावा. दाखवलास तर नाचेन."

पुरावा होता. त्या लग्नाची सीडी लेकीने केव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. पण यजमान कॉम्प्युटरसमोर बसतील तर शपथ. मान दुखते, चष्मा सापडत नाही, सतरा सबबी. फोन मात्र हातातून सुटत नाही, आणि नेमकी फोनवरच ती फाइल चालेना. लेक ऑफिसला निघता निघता म्हणाली, "आई, कन्व्हर्ट करावी लागेल. या प्रोग्राममध्ये फाइल टाक, एमपीफोर निवड, बटण दाब. बाकी कशाला हात लावू नकोस."

हे टेलरबाईंना सांगून काय उपयोग? पडद्यावर चित्राभोवती चौकट, आणि चौकटीच्या कडा ओढता येत होत्या. चित्र रुंद, फोन अंगाने बारीक. मोठ्या मापाचा सदरा बारीक अंगाला बसवायचा तर दोन्ही बाजूंनी आत घ्यायला नको? बाईंनी कडेचं जादाचं सगळं काढून टाकलं. हिरवी पट्टी सरकायला लागली तशा त्या खुर्चीत बसल्या बसल्याच डोलायला लागल्या.

फोनवर व्हिडिओ लागला. रंग झकास, गाणं खणखणीत. मधोमध दिराचे मित्र धिंगाणा घालत होते आणि डाव्या कडेने एक कोपर आत-बाहेर करत होतं.

"हे तुमचं," बाई म्हणाल्या.

"कोपर कुणाचंही असतं," यजमान म्हणाले.

बाईंना वाटलं, कापलेलं कापड काही परत जोडून येत नाही, नवरा गेलाच म्हणायचा. मग लक्षात आलं, मूळ फाइल तर कॉम्प्युटरवर जशीच्या तशी आहे. उभ्या आयुष्यात कापलेलं पहिल्यांदाच परत मिळत होतं. त्या एकट्याच हसत सुटल्या आणि फाइल पुन्हा टाकली, या खेपेला हात मांडीखाली दाबून.

आता डावीकडे अख्खा नवरा. गुडघे एकीकडे, खांदे दुसरीकडे, आणि तोंडभर हसू. यजमानांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग त्या नाचणाऱ्याने कडेच्या खुर्चीतल्या तरुण बाईपुढे हात केला. तिने मान हलवली. त्याने पुन्हा हात केला. तिने लाजून तोंड झाकून घेतलं, ते गाणं संपेपर्यंत.

इतकी वर्षं आपण नाचलो असंच बाईंना वाटत होतं. हौस इतकी होती की मनाने तेवढं जोडून घेतलं होतं, दुसरं काय.

"म्हणजे नाचलो मी," यजमान हळूच म्हणाले, "आणि बसून राहिलीस तू."

"लाज वाटली हो. सगळे बघत होते."

यजमानांनी फोन खाली ठेवला, उठले आणि हात पुढे केला. "आत्ता कुणी नाहीये."

बाई उठल्या. कपाट आणि शिलाई मशीन यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, गाणं नसताना, दोघं एकमेकांच्या पायांवर पाय देत नाचायला लागली.