काळसर

"तुझ्या बाबांच्या पायाचं बोट काळसर झालंय," आईनं फोनवर सांगितलं. "नुसतं काळसर. हळद लावलीय." मी तेव्हा हिंजवडीच्या ऑफिसात एका अमेरिकन बँकेचं सॉफ्टवेअर तपासत बसलो होतो. वडिलांना साखरेचा जुना आजार. धायरीतलं आमचं शेत सोसायट्यांखाली गेल्यापासून ते एका बांधकामावर रखवालीला होते. बुटात खडा जाऊन जखम झाली, ती त्यांना कळलीच नव्हती.

मी लगेच सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला.

"काळसर की काळं?" त्यांनी विचारलं.

"आई काळसर म्हणतेय."

"काळसर असेल तर अजून थोडं रक्त पोचत असेल. काळं असेल तर बोट गेलं. नीट विचारा, आणि आजच घेऊन या."

पुन्हा घरी फोन केला. "काळसरच रे," आई म्हणाली. "जांभळट म्हण हवं तर." मागून वडिलांचा आवाज आला, "काळं हाय ते. माझं डोळं अजून शाबूत हायेत."

त्यांना रिक्षानं निघायला सांगून मीही निघालो. वाटेत जागोजागी गाड्या तुंबलेल्या. देवाचं नाव घ्यावं तसं मी मनात काळसर, काळसर म्हणत होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी फडकं सोडलं. एक नाही, तीन बोटं गेली होती, आणि रंगाबद्दल बोलायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी तिथूनच हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या सर्जननी गुडघ्याखाली हात ठेवला आणि म्हणाले, "इथून."

"अहो, वरचं काळसरच आहे," आई म्हणाली. "काळसर असलं तर रक्त पोचतं, आमचे डॉक्टर म्हणाले."

सर्जननी हात तिथंच ठेवला. वडीलच म्हणाले, "पुरे आता. कापा," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पाय गेला, वडील राहिले. घरी आल्यावर आई रोज सकाळी त्यांचा दुसरा पाय मांडीवर घेऊन खिडकीशी बसायची. एकेक बोट उजेडात धरायची आणि मला हाक मारायची. "तू बघ. मला आता रंग कळत नाहीत."

मी बघायचो. जन्मभर उन्हात रापलेला पाय. त्यात मूळचा रंग कुठला आणि नवा कुठला, ते मलाही सांगता यायचं नाही.