टेलेक्सवर उतरलेला मोर

भूतखेत, करणी, भानामती... आपला कशावरच विश्वास नाही. नव्हता म्हणा. सोलापूरच्या मे महिन्यात, भर दुपारी जिथं कावळासुद्धा सावली भाड्यानं घेतो, तिथं भूत कशाला मरायला येतंय? माझ्या गोष्टींत मीठमसाला असतो, हे मान्य. ही मात्र अळणीच वाढतो.

पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार. मी एका चादर कारखान्यात टेलेक्स, म्हणजे तारेवरून टाईप पाठवायच्या मशीनचा ऑपरेटर होतो. मशीन असं धडधडायचं की अक्कलकोट रोडच्या म्हशी पान्हा चोरायच्या. मुंबई ऑफिसातलं डिझाईन इकडं ओढायची पद्धत ठरलेली. तिकडचा ऑपरेटर फर्नांडिस डिझाईनची, भोकं पाडलेली कागदी पट्टी मशीनला लावून ठेवायचा. मी नंबर फिरवून 'हू आर यू'चं बटण दाबायचो. पलीकडं माणूस असो-नसो, मशीन आपलं नाव आपणच छापायचं. मग मी माझी, 'सुरू हो' सांगणारी हुकमाची पट्टी सोडली, की तिकडची चालू... फुल्या आणि गोळ्यांच्या ओळींनी अख्खं डिझाईन आमच्या कागदावर. पट्टीच्या शेवटी फर्नांडिसनं टाकलेलं असायचं – 'जेवलास का?' आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण 'जेवलो' टाकल्याशिवाय लाईन तोडायची नाही, हा रिवाज.

त्या दिवशी परदेशी ऑर्डरचा मोर यायचा होता. संध्याकाळपर्यंत मागाला नक्षी सांगणारे जेकार्डचे पुठ्ठे कापले नाहीत तर ऑर्डर दुसरीकडं जाणार आणि आमचे माग बंद. विणकर दारात बसून. मागांवरचा मुकादम, नरसय्या जॉबर, माझ्या डोक्यावर उभा.

"काय वो ऑपरेटर, मोर आला का न्हाय?"

"अंडं फुटायचंय अजून."

"हसू नका. माग थांबला तर घरात चूल बी थांबतंय की."

नंबर लागला. बटण दाबलं, मुंबईच्या मशीननं नाव सांगितलं. पट्टी सोडली, मोर उतरायला लागला. मानेपाशी अक्षरं फुटली. मी टाईप केलं – 'मान परत.' मान परत आली. म्हणजे फर्नांडिस तिथंच बसलाय, मला वाटलं. शेवटी 'जेवलास का?' आलं आणि नरसय्यानं कागद ओढलाच. त्या गडबडीत मी उत्तर न देता लाईन तोडली.

दिवेलागणीला पुठ्ठे कापून होत आले, तर दारात एक घामाघूम माणूस.

"मी फर्नांडिस. सॉरी रे. काल ऑफिस हललं, मशीन काढून नेलं. ट्रंककॉल लागेना, म्हणून पट्टी घेऊन मीच निघालो. गाडी दौंडला रखडली."

पट्टीची गुंडाळी त्याच्या पिशवीत, रबर लावलेली. आमच्या मशीनवर चालवून पाहिली. मोर तोच, एक फुली इकडची तिकडं नाही. फक्त शेवटी 'जेवलास का?' नव्हतं.

"घाईत टाकायचं राहिलं," फर्नांडिस म्हणाला.

नरसय्यानं आमचा कागद पुढं धरला. "मग हे इचारलं कोण?"

फर्नांडिसनं ते वाचलं. "तू काय सांगितलंस?"

"काही नाही. लाईन तोडली."

त्यानं पट्टीला परत रबर लावलं. मग म्हणाला, "विचारलं होतं, तर सांगायचंस ना."

माग चालू राहिले, ऑर्डर गेली. टेलिफोन खात्यातला माझा मेव्हणा म्हणतो, लाईन क्रॉस झाली असेल. क्रॉस लाईनला मोराची मान कुठून ठाऊक?

दुसऱ्या दिवशी मी तोच नंबर फिरवला. लागला नाही. तरी टाईप केलं – 'जेवलो. तुम्ही?' नरसय्या शेजारी उभा होता. हसला नाही.