उकिरड्यातला पाय

माझा डावा पाय लुळा आहे, मेलेला नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या गावाच्या डोक्यात कधी शिरली नाही. अडीच-तीन वर्षांचा असताना ताप आला, नि उतरताना पायातली ताकद घेऊन गेला. पोलिओ हे नाव मी म्हातारपणी डॉक्टरांकडून ऐकलं. तोवर 'लंगड्या' हेच रोगाचं नाव आणि माझंही. पण त्या पायाला मुंगी चावलेली कळते, चटका बसलेला कळतो. उचलता येत नाही, इतकंच.

चालायला माझं मीच शिकलो. डाव्या मांडीवर पंजा दाबायचा, गुडघा मागं रेटायचा नि उजवं पाऊल पुढं टाकायचं. सातव्या वर्षी विहिरीपर्यंत एकटा जाऊन येत होतो. शाबासकी कोण देणार? "अयाई गं, बिचारं!" म्हणायला मात्र दारोदार बाया उभ्या.

निपाणीच्या आमच्या अंगाला तेव्हा लुळ्या पोरांना गिराणात उकिरड्यात पुरायचे. सूर्याला गिराण लागलं की खड्डा करून पोराला कमरेपर्यंत शेणखतात उभं करायचं, नि गिराण सुटेपर्यंत काढायचं नाही. मग म्हणे पायात जीव येतो. मला आठवं चालू होतं. वडिलांनी, आमच्या आण्णांनी, मला उचलून खड्ड्यात उतरवलं. आतलं खत कुजून तापलेलं. थोड्या वेळानं मांड्या भाजायला लागल्या आणि मी बोंब ठोकली.

तर लोक खूश! "कळाय लागलं की रं! पायात जीव आला!" मी जेवढा ओरडतोय तेवढी माणसं हरखतायत. एकटी आई रडत होती. शेवटी तिला राहवलं नाही. गिराण अर्ध्यावर असतानाच तिनं बगलेत हात घालून मला उपसून काढलं. पायावर फोड आले होते.

पाय होता तसाच राहिला, नि दोष आईच्या माथी बसला. "आईच्या मायेनं घात केला." आण्णा जेवताना म्हणायचे, बाया पाणवठ्यावर म्हणायच्या. ती ऐकायची नि घागर उचलून चालायला लागायची.

पुढं मी शिवणकाम शिकलो. पायमशीन जमेना, म्हणून हातमशीन घेऊन निपाणीच्या बाजारात बसलो. मराठी, कानडी, दोन्ही गिऱ्हाइकं यायची. माझं काही अडत नव्हतं. चालताना मांडीवर हात दाबून दाबून धोतर तेवढं एकाच जागी विरायचं, तिथं मीच ठिगळ लावायचो. लग्न मात्र जमेना. तिसऱ्या ठिकाणच्या पाहुण्यांनी मला चालून दाखवायला लावलं, चहा प्याले आणि गेले ते गेलेच. त्या संध्याकाळी आई ताट वाढत होती, नि माझ्या तोंडून निघालं, "तूच बाहीर काढलंस न्हवं मला? आता भोग."

खड्ड्यानं काही होत नाही हे गावात मला एकट्याला पक्कं ठाऊक होतं, नि मीच असं बोललो. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दोन-तीन वर्षांनी परत गिराण आलं. आण्णा तोवर वारले होते. सकाळी परसात कुदळीचा आवाज आला. बघतो तर साठीची आई उकिरडा खणतेय.

"ह्या खेपंला मी न्हाई काढायची बाहीर," ती म्हणाली. "कितीबी वरडलास तरी न्हाई."

"येडी का काय तू? त्यानं काय हुतंय, आई?"

"तूच म्हनलास की."

तिशीचा बाप्या मी, बाजारात बैठक असलेला, धोतर वर खोचून खड्ड्यात उतरलो. तिनं माझ्याभोवती खत लोटलं. हूं की चूं करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मांड्या भाजत होत्या, मी दात आवळून उभा. ऊन फिकं पडलं. ती काठावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"कळंना व्हय रं पायाला?" ती हळूच म्हणाली. "त्या येळंला कळत तरी हुतं." मग कपाळावर हात मारून घेतला. "त्येबी मीच घालवलं."

तेव्हा मी ओरडलो. आठव्या वर्षी ओरडलो होतो तसाच.

तिनं पदर खोचला, माझ्या दोन्ही बगलांत हात घातले आणि मला वर ओढायला लागली. गिराण सुटायला अजून बराच वेळ होता.