कासवाचा कौल

साईशचं कासव काही केल्या भयंकर होत नव्हतं, आणि ही काळजी प्रभावतीच्या जिवाला जळूसारखी चिकटली होती. तसं पाहिलं तर पदवीपर्यंत शिकलेल्या बाईने घोर लावून घ्यावा अशा गोष्टी डिचोलीत थोड्या नव्हत्या. खाणी बंद पडल्या होत्या. नवऱ्याचा, जयरामचा, ट्रक अंगणात उभा राहून राहून त्याच्यावर कारल्याचा वेल चढला होता. पण तिला कासवापुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

साईश तिचा एकुलता एक. लहानपणापासून मुखदुर्बळ. पणजीला चित्रकला शिकला आणि बंगळूरच्या एका कंपनीत लागला, तोही घरी बसून. कंपनी संगणकावरचे खेळ बनवायची आणि हा त्यांतले राक्षस काढायचा. शेजारची गंगा विचारी, "तुजो पूत घरांत बसून कितें करता गो?" प्रभावती म्हणे, संगणकाचं काम. राक्षस काढतो म्हटलं तर मुलगी कोण देणार? सात डोळ्यांचा विंचू आणि पेटलेला रेडा असे दोन राक्षस त्याने पार पाडले होते. तिसरा पसंत पडला की नोकरी कायम. तो तिसरा नेमका कासव निघाला.

साधंसुधं नव्हे. अमेरिकेत एक चावरं कासव असतं. चोच आकड्यासारखी, शेपटीवर करवतीसारखे दाते, पाठीवर शेवाळ. चिखलात दबा धरतं आणि मान झटक्यात बाहेर फेकून लचका तोडतं. त्याच्यावरून दलदलीतला राक्षस करायचा होता. साईश दिवसभर त्याच्या चित्रफिती बघे. जेवताना स्वतःची मान पुढे फेकून पोदेराकडच्या पावाचा तुकडा हवेतच दातांत धरून पाही. जयराम आपलं ताट घेऊन व्हरांड्यात बसू लागला. अभ्यासात कसर नव्हती. पण पडद्यावर उतरे ते कासव शांत, सोशिक, अर्धे डोळे मिटलेलं.

कंपनीने ते खेळात घालून पाहिलं. खेळणाऱ्या पोरांनी तलवारी खाली केल्या आणि त्याला पाय लागणार नाही अशा बेताने ती कडेकडेने निघून गेली. एकाने तर खेळात जोडे काढायची सोय आहे का, असं विचारलं. साईशच्या वरिष्ठ स्वातीबाई मूळच्या बेळगावच्या. त्यांनी मराठीतच विचारलं, "साईश, हा राक्षस आहे की देवळातला?"

देवळातलाच होता. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय प्रभावतीने पोराला कधी पुढे पाऊल टाकू दिलं नव्हतं. आता त्याच हाताने त्याचा राक्षस कसा करावा?

मुलाला न सांगता ती जयरामला घेऊन देवळात गेली, कौल लावायला. खेळाचं नाव ऐकून भटजींना आधी हा मटक्याचा प्रकार वाटला; समजावून सांगितल्यावर त्यांनी ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कासवाचा राक्षस केला तर चालेल का, असं विचारताच डावी टपकन खाली आली. प्रभावतीचा चेहरा उतरला. इतका वेळ खांबाला टेकून उभा असलेला जयराम तेव्हा बोलला.

"राक्षस म्हणूं नाका गो. राखणदार म्हण. राखणदार चावलो तर ताका कोण पापी म्हणटा?"

गाव राखणारा देव रात्री-अपरात्री चोराला हिसका दाखवतोच, हे भटजींनाही पटलं. नव्याने विचारलं आणि उजवी पडली. इथे थांबायला हवं होतं. पण काळजी करणाऱ्या माणसाला होकार पचत नाही. तिने आणखी एक विचारलंच: खेळात त्याला ठार मारलं तर चालेल का? डावी पाकळी अशी सुटली की थेट भटजींच्या पायावर आली.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. साईश आधी चिडला, मग 'राखणदार' हा शब्द मनात घोळवत त्याने त्याच दुपारी असं कासव काढलं की बघताना जयरामच्या हातातला चहा सांडला. स्वातीबाई खूश. आता फक्त त्याच्या मरणाची चित्रं उद्या पाठव, म्हणाल्या: उलटं पडलेलं, पोट फुटलेलं.

साईशने संगणक बंद केला. राजीनामा देतो म्हणाला.

"तुवें कित्याक विचारलें, आई? विचारूंक नासलें जाल्यार हांवें ताका मारून उडयलो आसतो. आतां देव ना म्हणटा, तें ऑफिसांत कशें सांगूं?"

त्याचं खरं होतं. तो सांगू शकला नसता. बाजारात दुकानदाराने उरलेले पैसे कमी दिले तरी न बोलता घरी येणारा पोर. सांगायचं तर तिनेच. पण नुसता नकार कोण ऐकून घेणार? तोडगा हवा. मारायचं कशाला? खेळणाऱ्याने पुढ्यात नारळ ठेवावा, गाऱ्हाणं घालावं, वाट मागावी. राखणदार वाट देतो.

"आनी नारळ हाडूंक ना जाल्यार?" जयरामने विचारलं.

"तर चावू दे."

स्वातीबाईंची आई बेळगावात असेल, तिनेही लेकीसाठी कधीतरी कुठेतरी कौल लावला असेल, असा तिने मनाशी हिशेब केला. साईश नको नको म्हणत न्हाणीघरात जाऊन बसला. मॅडम म्हणावं की ताई, एवढंच ठरायचं राहिलं होतं. ताईच म्हणायचं ठरवून प्रभावतीने स्वातीबाईंचा नंबर लावला.