चिमणीच्या तोंडचा घास

सहादेवकाका मूळचे राजापूरचे. हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात स्टीलचे डबे घासून चकचकीत करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता ते नवघरच्या देवळाबाहेर दोन गाई घेऊन बसतात. लोक गवताची पेंडी घेतात, गाईला घालतात, हात जोडतात. राणी जर्सी वळणाची, गोरी, टपोऱ्या डोळ्यांची. चिमणी काळी, बुटकी, कोकणातल्या कातळावरचं वाळकं गवत खाऊन वाढलेली. चिमणीला पुठ्ठासुद्धा पचतो, राणीचं पोट नाजूक. पण पुण्य घ्यायला येणारे सगळे राणीकडेच. देखणेपणाचा तोटा असा.

सर्वपित्रीला काका नको नको म्हणत राहिले. "काका, खाने दो ना, साल में एक बार," असं म्हणत आजूबाजूच्या बिल्डिंगांचे सगळे पितर राणीच्या पोटात जेवून गेले. खीर, पुऱ्या, वडे आणि भात, भात, भात.

संध्याकाळी तिची डावी कूस टम्म फुगली. डॉक्टरांनी गॅस उतरवला, औषध पाजलं, तरी दुसऱ्या दिवशी रवंथ सुरू होईना.

"पोट आंबलंय. चारा पचवणारे जंतूच मेलेत," डॉक्टर म्हणाले. "चिमणीच्या तोंडातला रवंथाचा घास काढून हिला भरवत राहा, त्यात ते जिवंत असतात. तेवढ्यानं नाही झालं तर अवघड आहे."

मग काका चिमणीपुढे बसले. दुपार पेंगत होती. चिमणीचे डोळे अर्धे मिटलेले, जणू ती अजून त्या कातळावरच उभी आहे. गळ्यातून एक गोळा हळूच वर सरके, जबडा फिरू लागे. काकांचा हात पुढे आला की ती शांतपणे गिळून टाके.

"माझ्या तोंडाकडं कधी एवढं बघितलं न्हवतं," वैजयंताकाकू म्हणाल्या.

"तू रवंथ करतेस का?"

"तुमच्याशी संसार केला, दुसरं काय केलं?"

काका हसले, आणि त्याच नादात हात घालून घास काढला. हिरवा, कोमट, आंबूस. राणीच्या जिभेमागे सारला. पुन्हा चिमणी, पुन्हा राणी. मध्ये काकाच पेंगले.

काकूंनी त्यांचा खांदा हलवला. राणीच्या गळ्यातून काहीतरी वर येत होतं. तिनं डोळे मिटले आणि जबडा एका बाजूला फिरवला. मग पुन्हा.

"बोलू नकोस," काका कुजबुजले. "तिचा घास मोडेल."